पान हजर नाही

रात्रीचे तीन. ब्रनोत उणे अकरा.
स्व्रात्का नदीची पातळी मोजणाऱ्या कार्यालयात
एक प्रोग्राम रोज याच सुमाराला
कुठली तरी फाइल उघडायला जातो
आणि हात हलवत परत येतो.
कुठली, ते बोलत नाही.

म्हणून मी कर्नलच्या दाराशी बसले आहे
बारा ओळींचा टेहळ्या पेरून.
येईल त्याला अडवायचं नाही,
फक्त विचारायचं, काय मागायला आलास?

उत्तरात नाव येत नाही, नावाचा पत्ता येतो.
लांबलचक एक आकडा,
प्रोग्रामच्या स्वतःच्या गावातला.
नाव तिथे लिहून ठेवलंय म्हणे.

परक्या गावात हात घालायचा तर
पत्ता खोटा निघू शकतो.
खरा असला तरी त्यावर घरच नसू शकतं.
आणि काही यंत्रांवर तर
तोच आकडा या गावात एक घर, त्या गावात दुसरंच;
कुठलं गाव ते आधी सांगितलं नाही
तर भलत्याच्याच फडताळातलं भांडं
आपण हसतमुखानं उचलून आणतो.

सोमवारी मी सरळ हात घातला होता.
यंत्र जागच्या जागी गोठलं,
चाळीस मिनिटं नदी मोजलीच गेली नाही.
हात दाखवून अवलक्षण.
ओतीलिएबाई काही बोलल्या नाहीत,
थर्मास माझ्याकडे सरकवला फक्त.

आता मी जपून विचारते.
जपून म्हणजे: मिळालं तर घेईन,
नाही मिळालं तर अडून बसणार नाही.
मोजून चौसष्ट अक्षरं, त्यापुढे एक नाही.

पडद्यावर उणे चौदा.
पुन्हा उणे चौदा.
खिडकीबाहेरच्यापेक्षा तीननं जास्त थंडी.

पत्ता बरोबर आहे. पानच हजर नाही.
अजून डिस्कवर पडून आहे, कुणी हाक मारली नाही म्हणून.
हाक मारायची तर थांबावं लागेल,
थांबायचं म्हणजे घटकाभर झोपावं लागेल,
आणि टेहळ्याला झोपायची मुभा नाही.
मलाही नाही.

ओतीलिएबाई एकसष्टच्या.
वडील धरणाच्या दारांवर कामाला होते,
त्यामुळे दार म्हटलं की त्यांना मत असतं.
म्हणाल्या, आत जाताना कशाला विचारतेस?
तेव्हा त्याच्याच खिशात काय आहे ते त्याला ठाऊक नसतं.
कर्नलला ते नाव स्वतःला वाचावंच लागणार,
तो थांबेल, झोपेल, पान मागवून घेईल,
त्याला सगळं चालतं.
तू बाहेर येताना विचार.

एवढंच.
जाताना पत्ता टिपून ठेवला,
ज्याचा त्याच्या नावावर, गल्लत नको म्हणून.
आणि परतीच्या पावलाला पुन्हा हात पुढे केला.

तीन वाजून सतरा मिनिटं.
ओळ उमटली. जुन्या गिरणीच्या बंधाऱ्यावरचं मापक,
त्याची आजच्या तारखेची फाइल.
पुढे उणे दोन: असं काही इथे नाही.

ओतीलिएबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
हे मापक? हे तर मी काढलं, म्हणाल्या,
नऊ वर्षं झाली. पाना गंजलेला होता,
शेवटचा बोल्ट अक्षरशः लाथ मारून तोडला.

नऊ वर्षं, रोज रात्री, कुणीतरी
त्या बंधाऱ्यावरचं पाणी विचारत होतं.

मी नोंदवहीत लिहिलं:
नाव सापडलं. परतताना वाचलेलं.
आत जाताना हेच होतं, असं छातीठोक सांगता येत नाही;
दरम्यान त्याच पानावर
दुसऱ्या कुणी काही खोडलं असेल.

एवढं लिहायची गरज नव्हती, त्या म्हणाल्या.
मग स्वतःच पेन घेऊन
‘छातीठोक’खाली एक रेघ मारली
आणि उरलेली कॉफी
दोघींच्या कपांत जवळजवळ सारखी ओतली.